मदत हवी आहे: बारा खणांच्या डबीत कोणते जलरंग भरू?

कोरडा_ब्रश: रिकामी डबी घेतलीय, ट्यूबमधून रंग भरायचेत. रविवारी ससून डॉकला स्केचिंग आहे. दुकानदार चोवीसचा सेट गळ्यात मारायला बघतोय. बारा नावं सांगा, लेक्चर नको.

गिरगावकर: स्टुडंट ग्रेड की आर्टिस्ट? बजेट? कागद कुठला? काहीच न सांगता नावं कशी द्यायची?

कोरडा_ब्रश: बजेट बेताचं. कागदाचं विचारलेलं नाही.

नीलिमा_ठाणे: बारा कशाला? लेमन यलो, डीप यलो, स्कार्लेट, क्विनाक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू. म्हणजे प्रत्येक मूळ रंगाचा एक उबदार, एक थंड. वर बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीनमध्ये सिएना मिसळला की पावसाळी आभाळापासून डॉकच्या चिखलापर्यंतचे राखाडी मिळतात, काळा लागतच नाही. आणि ट्यूबवरच्या नावाला भुलू नका, बारीक अक्षरातला पिगमेंट (रंगद्रव्य) नंबर वाचा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी (पिगमेंट ब्लू) २९. पुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर बहुधा महाग पिगमेंटची स्वस्त नक्कल.

जुना_जेजे: काळा का नको? आम्ही लॅम्प ब्लॅक वापरून शिकलो, आभाळ कोसळलं नाही. अलिझारिन क्रिमझन मात्र घ्याच.

नीलिमा_ठाणे: काका, अस्सल अलिझारिन (पीआर ८३) उजेडात उडतो. म्हणून तर रोझ सांगितला.

जुना_जेजे: वहीत मिटून ठेवलेल्या चित्राला कुठला उजेड लागतोय, ताई?

टॅबवाला: आयपॅड घ्या. हजारो रंग, सांडायची भीती नाही.

गिरगावकर: विचारलंय काय, सांगताय काय!

खारा_वारा: दमट हवेचं कोणी बोललंच नाही. सेनेलिये, एम. ग्रॅहम या कंपन्यांच्या रंगात मध असतो. आपल्याकडे पावसाळ्यात ते सुकायचं नाव घेत नाहीत, डबी आडवी-तिडवी झाली की ओघळतात. शिवाय ओली डबी मिटली की बुरशी ठरलेली. खण एकदम भरू नका. अर्धा भरा, सुकू द्या, मग वरचा थर. यात काही दिवस जातात. कुठला रविवार म्हणालात?

कोरडा_ब्रश: उद्याचा.

खारा_वारा: धन्य! मग ट्यूबाच पिशवीत टाका आणि जागेवर वाटाणाभर पिळा.

कोळीण_नव्हे: अवांतर: पहाटेच पोचा, लिलाव सापडेल. येताना करंदी मिळाली तर बघा.

जुना_जेजे: करंदी कसली, बोंबील आणा.

कोरडा_ब्रश: मासे राहू द्या!! दुकानातूनच लिहितोय. थॅलो संपलाय, प्रशियन ब्लू देतोय. चालेल?

नीलिमा_ठाणे: चालेल. पीबी २७ आहे ना बघा. तोही हिरव्याकडे झुकतो, पण कागदात मुरतो, पुसून निघत नाही. आभाळाला अल्ट्रामरीनच लावा, हा होड्यांखालच्या सावल्यांना ठेवा. राहिलेल्या खणांत यलो ओकर आणि सॅप ग्रीन. बाकीचे रिकामे राहू देत.

जुना_जेजे: एकात काळा भरा.