पटाच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक: मंच, आवाज, परवानग्या

धानबांधी: यंदा आमच्या गावात पटाच्या (शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या) रात्री वडशाच्या (देसाईगंजच्या) नाटक कंपनीचं नाटक ठेवायचं ठरतंय. मंच मंडळालाच उभारायचा आहे. माप, वीज आणि कागदपत्रं याबद्दल जाणकारांनी सांगावं. पत्रिकेत चार ओळींचा इतिहासही द्यायचा आहे.

विंगेतला: करार करतानाच कंपनीकडून पडद्यांची मापं लेखी घ्या. मंच आधी आणि पडदे मागून, असं केलं की पडदा एकतर जमिनीवर लोळतो नाहीतर खाली फट राहते. साधारण 30 फूट रुंद, 24 फूट खोल, साडेतीन फूट उंच पुरतं. वादक मंचापुढे बसतात. त्यांच्यासाठी दीड-दोन फूट खड्डा खणा, म्हणजे ऑर्गनवाल्याचं डोकं पुढच्या रांगेच्या आड येणार नाही.

खरी गडबड माईकची. टांगते माईक नटांच्या डोक्यापासून दीडेक फूट वर हवेत, आणि भोंगे माईकच्या ओळीच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. भोंगा मागे गेला की शिट्टी वाजलीच. कडेचा माईक विंगेपासून चार फूट आत घ्या, नाहीतर नटाच्या आधी विंगेतून संवाद सांगणारा प्रॉम्प्टरच गावभर ऐकू जातो!

वीज: 1000 वॅटचे सहा हॅलोजन म्हणजे 6 किलोवॅट, ध्वनीला 3 धरा. 15 केव्हीएचा जनरेटर सुमारे 12 किलोवॅट देतो, तेवढा बस. न्यूट्रल सैल राहिला तर अ‍ॅम्प्लिफायर जळतो, म्हणून जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. पौषात पहाटे दव पडतं, जोडाच्या पेट्या जमिनीवर ठेवू नका.

तणीस: भाऊ, हॅलोजन आता कशाला? एलईडी लावा, निम्म्याहून कमी भारात काम होतं. आणि बसायला तणीस (धानाचा पेंढा) अंथरणार असाल तर जनरेटर लांब ठेवा, बिडी-शेकोटी बंद. पाण्याची दोन पिंपं आणि वाळूच्या बादल्या मंचाजवळ हव्यातच.

दंडारप्रेमी: पत्रिकेत एवढं द्या: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दंडार, खडी गंमत या इथल्या जुन्या लोककला. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करत. हंगाम दिवाळीनंतरचा, धान घरात आल्यावरचा. कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज, रेल्वेचं गाव. 2023 मध्ये इथल्याच परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

कागदवाला: संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र कंपनीकडून मागा, पोलिसांची परवानगी वेगळी. शंकरपटाला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये वाट मोकळी केली, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच. नाटकाचा अर्ज त्यात मिसळू नका. ध्वनिक्षेपकाला रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे; वर्षातल्या जास्तीत जास्त 15 दिवसांना 12 पर्यंत सूट देता येते. तुमची तारीख त्या यादीत आहे का, हे कंपनीला विसार (आगाऊ रक्कम) देण्याआधी बघा. रात्रभराचा प्रयोग नेमका इथेच अडतो.

धानबांधी: विसार अजून दिलेला नाही. सोमवारी आधी तारखांची यादी बघतो, मग वडशाला फोन.