एकाच साच्यातल्या स्वस्त बॉक्सकार: खऱ्या डब्यांशी कशा जुळवायच्या?

मालडबा८७: माझ्याकडे एचओमधल्या (१:८७ प्रमाणातली मॉडेल रेल्वे) चाळीस फुटी स्टील बॉक्सकार, म्हणजे बंदिस्त मालडबे आहेत. साचा सगळ्यांचा एकच, रंग मात्र आठ वेगवेगळ्या अमेरिकन रेल्वेंचे. लेआउट (मांडलेला मॉडेल रेल्वेमार्ग) १९५५ सालचा काळ दाखवतो. यातल्या कुठल्या खऱ्या डब्यांच्या जवळ जातात, हे कसं ठरवायचं? एकीवर पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा एक्स२९ वर्ग लिहिलाय, ती ठेवावी का?

शेवटचा_डबा: रंगाकडे नंतर बघा, आधी उंची. एचओत १ फूट म्हणजे ३.५ मिमी. १९३७ च्या एएआर (अमेरिकन रेल्वे कंपन्यांची संघटना) आराखड्याचे डबे आतून १० फूट उंच, नंतरचे बरेचसे १० फूट ६ इंच. म्हणजे मॉडेलवर फरक जेमतेम १.७५ मिमी. आतली उंची मॉडेलवर मोजता येत नाही, म्हणून व्हर्नियरने छताच्या कडेपासून बाजूच्या पत्र्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजा आणि खऱ्या डब्याच्या ड्रॉइंगशी ताडून बघा.

मग दार: ६ फुटी २१ मिमी, ७ फुटी २४.५, ८ फुटी २८. त्यानंतर टोकाच्या भिंतीवरच्या पन्हळी मोजा. ड्रेडनॉट टोकाला (आडव्या पन्हळींची पोलादी भिंत, वरचा आणि खालचा पत्रा वेगळा) वर ५, खाली ५ असतील तर बहुधा १० फूट ६ इंची; वर ४, खाली ५ असतील तर १० फुटी. पुलमन-स्टँडर्डचा पीएस-१ (१९४७ पासून) छतावरून ओळखू येतो, त्याच्या पत्र्यावर बो-टायसारखे उठाव असतात.

एक्स२९ आतून फक्त ८ फूट ७ इंच. तुमचा साचा १० फूट ६ इंची असेल तर फरक ६.७ मिमी. तो कुठल्याही रंगाखाली लपत नाही. रंग उतरवून तिला दुसऱ्या रेल्वेचं करा.

क्रमांक_शोधक: उरलेल्यांसाठी १९५५ च्या आसपासचं ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर मिळवा. त्यात प्रत्येक क्रमांक-मालिकेची आतली लांबी, रुंदी, उंची, दाराची रुंदी आणि क्युबिक फूट दिलेले असतात. ४० फूट ६ इंच लांब, ९ फूट २ इंच रुंद डब्याला १० फूट ६ इंच उंचीला ३,८९८ क्युबिक फूट येतात, १० फुटाला ३,७१२. हा एक आकडा बघितला तरी मालिका चटकन वेगळ्या पडतात. पुष्कळदा रेल्वे बरोबर असते आणि फक्त क्रमांक चुकीच्या मालिकेतला असतो. तेव्हा दोन-तीन आकडे बदलले की काम झालं.

जुने आकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतात. आधी डब्याच्या पोटाखाली चाचणी घ्या, काही कारखानी रंग आकड्यांसोबतच सुटतात. कापसाची काडी ओली करून मिनिटभर टेकवा, मग लाकडी टूथपिकने हलक्या हाताने खरवडा. घासत बसलात तर खालचा रंग उठतो. मग ग्लॉस (चकचकीत वॉर्निश), डेकल (पाण्याने चिकटणारे छापील आकडे), मॅट (निस्तेज वॉर्निश), याच क्रमाने. मॅटवर डेकल लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. डब्यावरची बीएलटी (बांधणीची) आणि पुनर्वजनाची (रिकामा डबा पुन्हा तोलल्याची) तारीखही वाचा, १९५५ नंतरची असेल तर बदला.

मालडबा८७: उंची जुळली, पण डबा रुळावर उंच बसलेला दिसतो. बोगीचा (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीचा) टेकू घासू का?

शेवटचा_डबा: घासा, पण एका वेळी ०.२५ मिमीच. दर खेपेला डबा वळणावर ढकलून बघा. चाकाची कड तळपट्टीला लागली तर थांबा. कपलरचा (डबे जोडणाऱ्या हुकाचा) मध्य रुळाच्या माथ्यापासून साधारण १० मिमीवर राहायला हवा. चाकं ३३ इंची, म्हणजे ९.६ मिमी. रोलर बेअरिंगच्या बोग्या असतील तर साध्या बेअरिंगच्या लावा, १९५५ मध्ये मालडब्यांवर त्याच सर्रास होत्या. छतावरची चालपट्टी काढू नका. ती नसलेले नवे डबे १९६६ पासून आले.

साच्यातच ओतलेल्या पकडदांड्या छिन्नी-पात्याने उडवून ०.३ मिमी तार बसवता येते, भोकं ०.३५ मिमीची. खरी दांडी पाऊण इंची, म्हणजे एचओत ०.२२ मिमी. तेवढी बारीक तार हाताळताना वाकते, म्हणून ०.३ ची.