आधी लाकूड बघा, मग कौलं
वादळात अर्धी कौलं उडाली, आता डागडुजी करू की सगळं काढून पत्रे घालू, असं तुम्ही विचारलंय. कौलांचं नंतर बघू. वाशाचं, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडाचं, भिंतीवर टेकलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. भुसभुशीत लागलं किंवा वाळवीची माती दिसली, तर तो वासा गेला. आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, सरळ आणि मोजकेच वासे किंवा रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) खराब असतील, तर दुरुस्तीच करा. आढंच वाकलं असेल तर मात्र डागडुजीत पैसे घालवू नका. पत्रे म्हणजे सुरक्षित, हेही मनातून काढा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे पत्रेही उडाले होते. घातलेच तर कडेच्या ओळीला हुक जास्त मारा, वारा तिथूनच शिरतो. आणि फोटो, पंचनामा झाल्याशिवाय मोडतोड हलवू नका हो! तोवर ताडपत्री घट्ट बांधा.