थॅको नव्हे, खजिन्याचा नियम
'थॅको गेला तिथेच जुना डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा भूमिका-खेळ) संपला' हे काहींचं म्हणणं पटत नाही. आर्मर क्लास म्हणजे बचावाचा आकडा, जुन्या पद्धतीत जितका कमी तितका बचाव भक्कम; थॅको म्हणजे आर्मर क्लास ० असलेल्यावर वार बसायला फाशावर लागणारा आकडा. गणित तेच आहे. थॅको १५, समोरच्याचा आर्मर क्लास ३, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ हवेत. २००० सालच्या चढत्या पद्धतीत (आकडा जास्त तितका बचाव भक्कम) तोच योद्धा फाशात ५ मिळवतो, तोच आर्मर क्लास १७ होतो, तरी १२च. उणे आर्मर क्लास आला की वजाबाकीत व्हायचा तो घोळ तेवढा गेला, बरंच झालं.

खरा बदल खजिन्याचा, त्यावर कुणी बोलतच नाही. १९८१च्या बेसिक नियमांत फायटरला (लढवय्या पात्राला) दुसऱ्या पातळीसाठी २००० अनुभवगुण लागतात. एक गोब्लिन (छोटा राक्षस) मारला तर ५, तेही सगळ्यांत वाटून. पण तळघरातून बाहेर आणलेल्या दर सोन्याच्या नाण्याला १. म्हणून लढाई टाळण्यातच शहाणपण होतं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला आणि ते कारणच गेलं. सोलापुरात भुईकोट किल्ल्यावर मोहीम बेतणार असाल तर एवढा नियम परत आणा, आणि गुण नाणी सापडल्यावर नाही, तटाबाहेर नेल्यावरच द्या. नाहीतर दुहेरी तटबंदी आणि सिद्धेश्वर तलावाची बाजू नुसती नकाशावर राहते; ओझ्यासकट परतायची वाट कुणी आखतच नाही.