जनरल वैद्यांच्या नावापुढे 'एमव्हीसी आणि बार' असतं, तो बार म्हणजे काय?

घोडबंदरवाला:
राम राम मंडळी. मी राहतो कासारवडवलीला आणि ऑफिस गोरेगाव पूर्वेला, म्हणजे रोजची रखडपट्टी आलीच. तिकडे जनरल ए. के. वैद्य मार्ग आहे, ट्रॅफिकमध्ये अडकलं की ती पाटी वाचत बसायचं. परवा लेक बरोबर होती, विचारते बाबा हे कोण, मी म्हटलं लष्करप्रमुख होते, पुण्यात अतिरेक्यांनी मारलं त्यांना, आणि तिथेच माझी गाडी आणि माझी माहिती दोन्ही थांबल्या. घरी येऊन बघितलं तर नाव ए. एस. वैद्य असं दिसतंय आणि पुढे एमव्हीसी आणि बार. माणूस एकच ना? हा बार वेगळं मेडल असतं का? तिला १५ ऑगस्टला शाळेत पाच मिनिटं बोलायचंय तर जरा सोप्या भाषेत सांगा.

नेरूळचे काका:
माणूस एकच. अरुणकुमार श्रीधर वैद्य, मूळचे अलिबागकडचे. मी स्वतः आर्मर्डमध्ये, म्हणजे रणगाडा दलात नोकरी केली, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.
एमव्हीसी म्हणजे महावीर चक्र, आणि बार म्हणजे तेच मेडल दुसऱ्यांदा मिळणं. दुसरं महावीर चक्र छातीवर लावत नाहीत, पहिल्याच्याच फितीवर एक आडवी पट्टी चढते, तो बार. नुसती रिबन लावलेली असेल तर तिच्यावर चक्राची छोटी प्रतिकृती असते. तुमच्या लेकीला जुना फोटो झूम करून दाखवा, अर्धी पांढरी अर्धी केशरी फीत शोधायला सांगा आणि तिच्यावर काही बारीक चमकतंय का ते बघायला सांगा. मुलांना असलं आवडतं.
परमवीरच्या खालोखाल महावीर, हे बरोबर. पण परमवीर आजवर २१ जणांना मिळालंय आणि महावीरवर बार फक्त ६ जणांना, १९७१ नंतर एकालाही नाही. म्हणजे मान परमवीरचा मोठा पण दुर्मीळ म्हणाल तर हा बार जास्त.
पहिलं महावीर १९६५चं. वैद्य तेव्हा लेफ्टनंट कर्नल, डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडंट. पाकिस्तानची पूर्ण आर्मर्ड डिव्हिजन पंजाबात खेमकरणहून आत घुसली होती, त्यांच्याकडे नवेकोरे पॅटन रणगाडे आणि डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. समोरासमोर मैदानात टक्कर दिली असती तर कठीण होतं. म्हणून आपल्या लोकांनी असल उत्तर गावाजवळ घोड्याच्या नालेसारखी रचना केली, शेतात पाणी सोडलं, रणगाडे उभ्या उसात लपवले आणि पॅटन जवळ येईपर्यंत गप्प बसले. पॅटन चिखलात रुतले, वळायला गेले की बाजू उघडी पडायची, तिथेच गोळा. अब्दुल हमीदांचं परमवीर याच लढाईतलं.

ठाणे_पश्चिम_आजी_नाही:
काका भारी लिहिलंय. बाकीचे पाच कोण? मला राजिंदरसिंग 'स्पॅरो' माहितीयेत, ज्यांनी १९४८ला झोजिलाच्या खिंडीत रणगाडे चढवले.

कोपरीकर:
स्पॅरो (१९४८, १९६५), लडाखचे चेवांग रिंचेन (१९४८, १९७१), ब्रिगेडियर संतसिंग (१९६५, १९७१), आणि एअरफोर्सचे दोन, जगमोहन नाथ (१९६२, १९६५) आणि पद्मनाभ गौतम (१९६५, १९७१). नाथ कॅनबेरा विमान घेऊन शत्रूच्या डोक्यावरून फोटो काढून यायचे, त्यांच्याबद्दल वेगळा धागा काढा कोणीतरी. रिंचेनना पहिलं महावीर मिळालं तेव्हा वय काय, तर सतरा-अठरा. आमचा चिरंजीव या वयात अंथरुणाची घडी घालत नाही.

नेरूळचे काका:
दुसरं राहिलंच. १९७१, शकरगढ सेक्टर. वैद्य आता ब्रिगेडियर, १६ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेड त्यांच्याकडे. बसंतर नदीच्या पलीकडे खच्चून सुरुंग पेरलेले, इंजिनिअर लोक वाट मोकळी करतायत, ती पूर्ण व्हायच्या आतच पलीकडून पाकिस्तानी रणगाडे येतायत अशी खबर आली. आपलं पायदळ पुढे गेलेलं होतं आणि रणगाड्यांशिवाय ते चिरडलं गेलं असतं. म्हणून पूना हॉर्स ही रणगाडा रेजिमेंट तशीच सुरुंगातून पुढे काढली. परमवीर चक्रवाले अरुण खेतरपाल त्याच रेजिमेंटचे, वय २१, १६ डिसेंबरला गेले. वैद्यांना बार मिळाला तो या मोहिमेबद्दल.
सगळं श्रेय एकट्या ब्रिगेडियरला द्या असं मी म्हणणार नाही, पूना हॉर्सचे हनुत सिंगही महावीर चक्रवाले. पण पुढचा धोका पत्करायचा निर्णय वरच्याचाच असतो.

वाशी_सेक्टर_१७:
मेडल ठीक, पण १९८३ला ज्येष्ठ असलेल्या एस. के. सिन्हांना डावलून यांना चीफ केलं हेही लिहा की. सिन्हांनी राजीनामा दिला होता. मराठी माणूस म्हणून आपण फक्त गोड गोड बोलायचं का?

कोपरीकर:
लिहा ना, खरंच आहे ते. पण डावललं सरकारने, वैद्यांनी नाही. आणि चीफ झाल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं तर एप्रिल ८४ला सियाचीन आणि जूनला ब्लू स्टार, म्हणजे सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई. ३१ जानेवारी ८६ला रिटायर, पुण्यात स्थायिक, आणि १० ऑगस्टला स्वतः गाडी चालवत घरी येताना गोळ्या. मारेकऱ्यांना ९२ला येरवड्यात फाशी झाली. शाळेच्या भाषणात हे सगळं नको बाबा, असल उत्तरचा ऊस सांगू दे तिला.

घोडबंदरवाला:
ऊसच घेतो, ती आत्ताच वहीत पॅटन काढायला बसलीय. तो प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल का?

नेरूळचे काका:
नगरचं रणगाडा म्युझियम. कल्याण, मुरबाड, माळशेज करून जा. दुपारी पोचू नका, रणगाडे उघड्यावर असतात, लोखंडाला हात लावला की चटका बसतो आणि पोरं हात लावल्याशिवाय राहत नाहीत.