डोंगरावर ऑर्केस्ट्रा पीस लिहितोय, इतिहास कसा आणू?

डोंगर आणि तिथल्या जुन्या लढाया असा विषय घेतलाय पण जे लिहितो ते नुसतं ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणि ड्रम्स, पिक्चरच्या ट्रेलरसारखं वाटतं. काय करू?

प्रतिसाद १:
जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसची आल्पाइन सिम्फनी (१९१५) स्कोअर, म्हणजे तिची लिहिलेली स्वरलिपी, समोर ठेवून ऐक. वादळाला विंड मशीन, थंडर मशीन आहेच, पण खरी मजा म्हणजे लांबची शिकार दाखवायला १२ हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) स्टेजबाहेरून वाजतात, अंतर असं मिळतं, नुसतं 'हळू वाजवा' लिहून नाही मिळत.

प्रतिसाद २:
लढाई दाखवूच नकोस रे. तिथली एखादी जुनी चाल घे, आधी व्हायोलावर (व्हायोलिनचा मोठा भाऊ), मग बासूनवर (खालच्या सुरांचं फुंकवाद्य), दरवेळी दोन-चार सूर गाळत जा. खाली डबल बेसवर एकच सूर धरून ठेव, तो डोंगर.

प्रश्नकर्ता:
बेसवाले वैतागतील :) करून बघतो. १२ हॉर्न कुठून आणू पण?

प्रतिसाद १:
दोन पुरे, विंगेत उभे कर.