संस्थेतील अनुभवी सहकारी थकून काम सोडत आहेत; कार्यशाळेपलीकडे काय करता येईल?

विचारणा
प्रकल्प समन्वयक, बीड जिल्हा

नमस्कार. ऊसतोड कामगारांच्या गावांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेची मी समन्वयक आहे. कौटुंबिक हिंसाचाराला तोंड देणाऱ्या स्त्रियांचे समुपदेशन, बालविवाह रोखणे आणि स्थलांतरामुळे मुलांची शाळा सुटू न देणे ही आमची मुख्य कामे आहेत. आम्ही पंचवीसेक जण आहोत आणि त्यांतील बहुतेक जण गावपातळीवर काम करतात.

गेल्या वर्षभरात आमचे काही अत्यंत अनुभवी सहकारी काम सोडून गेले. पगार हेच कारण असावे असे विश्वस्तांना वाटते, परंतु त्यांतील दोघींनी याहून कमी पगाराची नोकरी पत्करली आहे. जे राहिले आहेत त्यांच्यातही बदल जाणवतो. आमची एक समुपदेशक पूर्वी समोरच्या बाईला आधी पाणी देई, तिचे मूल स्वतःच्या मांडीवर घेई आणि तिला जिथून सांगायचे असेल तिथून सांगू देई. आता ती वही उघडून नाव, वय, लग्नाचे वर्ष, मारहाण कधीपासून, असे अर्जाच्या क्रमाने विचारत जाते आणि रकाने भरले की उठते. नोंदीत चूक काढायला जागा नसते, पण ती बाई दुसऱ्यांदा केंद्रावर येत नाही.

आमच्या कामाला हंगामाचीही एक अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. परतल्यावर उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशेबावरून घरोघरी भांडणे होतात, फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी, सोसलेल्या मारहाणीच्या तक्रारी तेव्हाच केंद्रावर येतात आणि लग्नसराईमुळे बालविवाहाच्या खबराही त्याच दिवसांत वाढतात. नेमक्या त्याच वेळी आर्थिक वर्ष संपत असल्याने सर्व देणगीदारांना अहवाल, छायाचित्रे आणि उपयोगिता प्रमाणपत्रे हवी असतात.

यावर उपाय म्हणून विश्वस्त मंडळाने ताणतणाव व्यवस्थापनाची एक दिवसाची कार्यशाळा ठेवली आणि तीही रविवारी. तिचा हेतू चांगलाच होता, परंतु सोमवारी कोणाच्याही कामात काही बदललेले नव्हते. म्हणून जाणकारांना विचारते आहे. हा नुसता थकवा आहे की बर्नआउट, हे कसे ओळखावे? बदली माणूस नसताना रजा कशी द्यावी? आणि यासाठी लागणारा खर्च देणगीदारांपुढे कसा मांडावा?

उत्तर १
समुपदेशकांची पर्यवेक्षक, पुणे

आपण केलेले वर्णन मला बर्नआउटचेच वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीसंदर्भात, बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने निर्माण होणारी अवस्था असे तिचे वर्णन केले आहे. शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे आणि कामाची परिणामकारकता घटणे, अशी तिची तीन अंगे सांगितली आहेत. साधा थकवा चार दिवसांच्या विश्रांतीने उतरतो. बर्नआउटमध्ये माणूस रजेवरून परततो आणि पहिल्याच केसला तितकाच थकलेला असतो. आपल्या समुपदेशक ताईंच्या वागण्यात दुसरे अंग स्पष्ट दिसते. रकाने क्रमाने भरत गेले की समोरचीचे दुःख थेट अंगावर येत नाही. हा त्यांचा बेफिकीरपणा नव्हे, तो त्यांनी नकळत केलेला स्वतःचा बचाव आहे, आणि त्यांच्याशी बोलताना हे ध्यानात ठेवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये बर्नआउटवर लिहिले ते न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या लोकांना पाहून. जो सर्वांत मनापासून काम करतो त्यालाच याचा धोका अधिक असतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. पुढे ख्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाचा भार, कामावरचे नियंत्रण, मोबदला व दाद, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये अशी सहा क्षेत्रे सांगितली, ज्यांत माणूस आणि त्याचे काम यांचा मेळ तुटत जातो. या सहांपैकी एकही गोष्ट एका दिवसाच्या कार्यशाळेने बदलत नाही. योगाभ्यासाला माझा विरोध नाही. तो ज्याला आवडतो त्याने जरूर करावा. परंतु कामाची रचना तशीच ठेवून कर्मचाऱ्याला श्वास मोजायला शिकवणे म्हणजे दोष त्याच्याच पदरात टाकणे होय.

आपल्या क्षेत्रात बर्नआउटच्या जोडीला दुसऱ्याच्या आघाताचा भारही असतो. एक उदाहरण देते. जळालेल्या एका तरुण स्त्रीसोबत आमच्या ओळखीची एक कार्यकर्ती जिल्हा रुग्णालयात रात्रभर थांबली होती. पहाटे ती स्त्री गेली. कार्यकर्ती घरी जाऊन, अंघोळ करून, दहा वाजता कार्यालयात आली, कारण त्या दिवशी तिची मासिक भेटींची आकडेवारी द्यायची होती. तिला कोणी बोलावले नव्हते, हे खरे. पण येऊ नकोस असे सांगणेही कोणाचे काम ठरलेले नव्हते. अशा घटनेनंतरचे दोन-तीन दिवस त्या व्यक्तीची कामे कोणी घ्यायची, हे संस्थेने आधीच लिहून ठेवायला हवे. मात्र घटनेनंतर लगेच सर्वांना गोलात बसवून जे पाहिले ते सविस्तर सांगायला लावू नये. जागतिक आरोग्य संघटनाही ती पद्धत सुचवत नाही. सोबत असावी, जेवण-झोपेची काळजी घ्यावी, आणि बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारे माणूस असावे.

नियमित उपाय म्हणून मी पर्यवेक्षणाला सर्वांत वरचे स्थान देईन. दर पंधरवड्याला तास-दीड तास तीन-चार समुपदेशकांनी एकत्र बसून अवघड केसेसवर बोलावे. तिथे कामाचे मूल्यमापन होणार नाही आणि पर्यवेक्षक ही पगारवाढ ठरवणारी व्यक्ती नसेल, या दोन अटी पाळल्या नाहीत तर लोक फक्त यशाच्याच गोष्टी सांगतात. तालुक्याच्या गावी असे माणूस मिळत नसेल तर समाजकार्य महाविद्यालयातील अनुभवी प्राध्यापकांना विचारावे. पंधरवड्यातून एकदा दूरध्वनीवर हे काम करायला तयार असणारी मंडळी मला भेटली आहेत.

कोणाला आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल किंवा जगणे नको असे विचार मनात येत असतील, तर तो विषय संस्थेच्या पातळीवर ठेवू नये. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्यावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक कार्यालयात दर्शनी भागात लावावा.

उत्तर २
लेखा व प्रशासन विभाग, नाशिक

ताई, खर्चाच्या प्रश्नावर लिहितो. देणगीदार असा खर्च मान्य करत नाहीत, हे पुष्कळदा खरे असते. परंतु पुष्कळदा आपणच तो चुकीच्या शीर्षाखाली मांडतो.

परकीय देणग्यांच्या बाबतीत त्यासंबंधीच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. त्या धास्तीने अनेक संस्थांनी पर्यवेक्षण, प्रशिक्षण, बदली माणूस हे सगळे अंदाजपत्रकातून काढूनच टाकले. वास्तविक, रुग्णालयातील डॉक्टर किंवा शाळेतील शिक्षक यांच्या वेतनासारखा, संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च नियमानुसार प्रशासकीय खर्चात धरला जात नाही. समुपदेशन हेच आपले उद्दिष्ट असेल, तर समुपदेशकांचे पर्यवेक्षण हा त्या सेवेचाच भाग आहे, ही मांडणी आपल्या लेखापरीक्षकांशी बोलून करून घ्यावी. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबाबतही असाच गैरसमज आहे. त्यातील ५ टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चाला लागू आहे. कंपनीचे अधिकारी ती संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावू लागले, तर नियमातील व्याख्या नम्रपणे पुढे ठेवावी.

दुसरी गोष्ट पगाराच्या तारखेची. अनुदानाचा हप्ता लांबला की पगार लांबतो आणि घरभाडे, मुलांची फी, कर्जाचा हप्ता सांभाळत माणूस दुसऱ्यांच्या घरची भांडणे सोडवायला जातो. पगार थोडा कमी असला तरी ठरलेल्या तारखेला होणे, याला मी फार मोठे मोल देतो. आयकर कायद्यानुसार धर्मादाय संस्थेने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करणे अपेक्षित असते. उरलेली १५ टक्क्यांपर्यंतची रक्कम शिल्लक ठेवता येते. देशी, अटी नसलेल्या देणग्यांतून दरवर्षी थोडी थोडी बाजूला काढून तीन महिन्यांच्या पगाराएवढा निधी उभा करावा, असा ठराव विश्वस्तांकडून करून घ्यावा. वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असल्यास भविष्य निर्वाह निधीची जबाबदारीही येते, आणि सर्वांना कंत्राटी दाखवून ती टाळण्याचे सल्ले ऐकू नयेत.

आता मार्चच्या गर्दीविषयी. एकाच गावभेटीची नोंद एका देणगीदाराच्या ॲपमध्ये, दुसऱ्याच्या एक्सेलमध्ये आणि तिसऱ्याच्या छापील नमुन्यात, शिवाय जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेले) छायाचित्र व्हॉट्सॲप गटावर, ही स्थिती जवळपास सगळीकडे आहे. यावर एकच मूळ नोंदवही ठरवावी, कार्यकर्तीने फक्त तीच भरावी, आणि देणगीदारांच्या नमुन्यांत रूपांतर करण्याचे काम कार्यालयाने घ्यावे. त्यासाठी अर्धवेळ का होईना, एक माणूस ठेवावा लागेल. माझ्या मते पैसे असतील तर पहिली नेमणूक हीच करावी, कारण याने गावपातळीवरील प्रत्येकीची संध्याकाळ मोकळी होते.

उत्तर ३
गावपातळीवरील कार्यकर्ती, मराठवाडा

वरील दोन्ही उत्तरे वाचली. त्यांत आमच्या बाजूचे दोन मुद्दे जोडते.

पहिला मुद्दा फोनचा. आमचा वैयक्तिक क्रमांक गावोगाव भिंतींवर लिहिलेला असतो, त्यामुळे रात्री अकरालाही फोन येतो आणि तो न उचलण्याची हिंमत होत नाही. न उचललेल्या फोनमागे काही अघटित घडले तर, हा विचार झोपू देत नाही. संस्थेने स्वतंत्र क्रमांक घ्यावा, तो आठवड्याच्या पाळीने एकेकीकडे द्यावा, आणि फलकावर संस्थेच्या क्रमांकासोबत तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांकही ठळक लिहावेत. पाळी संपली की फोन हातातून जातो, याने मनाला किती हलके वाटते हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आणि तो शहरात बसून लक्षात येत नाही. आम्ही ज्या गावात काम करतो त्याच गावात राहतो. ज्या घरातील मारहाणीबद्दल पोलिसांत तक्रार करायला मी बाईसोबत जाते, त्या घरातील माणसे माझ्या नवऱ्याला पारावर भेटतात, माझ्या सासूला दळणाच्या गिरणीत टोमणे मारतात. बालविवाह थांबवला की काही दिवस आमच्या घरावर अघोषित बहिष्कार असतो. अशा वेळी संस्थेचे वरिष्ठ गावात येऊन सरपंचांना, पोलीस पाटलांना भेटले आणि हा निर्णय एकट्या कार्यकर्तीचा नसून संस्थेचा आहे असे त्यांनी चारचौघांत सांगितले, तर आमचे अर्धे ओझे उतरते. याला काहीच खर्च येत नाही. शिवाय प्रवासाचे पैसे आम्ही आधी स्वतःच्या खिशातून भरतो आणि ते महिना-दोन महिन्यांनी मिळतात. महिन्याच्या सुरुवातीलाच थोडी आगाऊ रक्कम दिली तर ही ओढाताण थांबेल.

विचारणा करणाऱ्या समन्वयक

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. स्वतंत्र फोनची व्यवस्था आणि प्रवासाची आगाऊ रक्कम या दोन गोष्टी माझ्या अधिकारात आहेत, त्या लगेच करते. एकच नोंदवही आणि पगारासाठीचा निधी हे विषय विश्वस्तांच्या पुढील सभेत मांडेन. रजेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. रजा कागदावर आहेत, पण आपण गेलो तर आपल्या केसचे काय होईल, या काळजीने कोणी त्या घेतच नाही.

उत्तर ४
समुपदेशकांची पर्यवेक्षक, पुणे

रजा मागण्यावर सोडली की ती घेतली जात नाही, विशेषतः जिथे त्याग हा गुण मानला जातो तिथे. म्हणून ती वर्षाच्या वेळापत्रकातच घालावी. आपल्याकडे गळीत हंगामाचा फायदा घेता येईल. दिवाळीनंतर गावे बऱ्याच अंशी रिकामी होतात आणि केंद्रावरची गर्दी ओसरते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात प्रत्येकीला सलग आठ-दहा दिवसांची भरपगारी रजा लावून द्यावी आणि तिची तारीख ऑगस्टमध्येच ठरवावी. फडावर गेलेल्या कुटुंबांशी संपर्क ठेवण्याचे काम त्या काळात चालूच राहते, त्यामुळे एका वेळी दोघींहून अधिक जणी रजेवर नसतील असे पाहावे. याउलट मार्च ते मे या काळात प्रशिक्षणे, बैठका आणि पाहुण्यांच्या भेटी ठेवू नयेत. देणगीदारांना हे कारणासह वर्षारंभीच कळवले तर बहुतेक जण ऐकतात.

केसच्या काळजीवर उपाय म्हणजे प्रत्येक केस सुरुवातीपासूनच दोघींची असावी. मुख्य समुपदेशक एक, आणि त्या बाईला नावाने ओळखणारी, तिला एकदा तरी भेटलेली दुसरी. रजेवर जाण्याआधी मुख्य समुपदेशकाने त्या बाईला स्वतः सांगावे की अमुक तारखेपर्यंत मी नाही, तोवर या ताई आहेत. हे जमायचे तर प्रत्येकीकडील चालू केसेसची संख्या थोडी कमी करावी लागेल. विश्वस्तांना ते पटवताना आपल्या समुपदेशक ताईंकडे दुसऱ्यांदा न आलेल्या बायकांची गावनिहाय यादी सोबत न्या, कारण एकूण केसेसच्या आकड्यात त्या कुठेच दिसत नाहीत.